वरणाच्या डावाचं प्रमाणपत्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि सुमापन इन्स्ट्रुमेंट्सचे संस्थापक आदरणीय माधवराव; एके काळी ज्यांचं नुसतं नाव ऐकून आम्ही फाईली आवरायला लागायचो आणि आज ज्यांना आम्ही हौसेने प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं आहे ते गुणवत्ता परीक्षक श्री. धम्मदीप साहेब, सत्कारमूर्ती प्रेमलाताई हरगुडे आणि त्यांचे यजमान, व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्यामुळे पहिल्या रांगेत रुसून बसलेले सर्व विभागप्रमुख, आणि मसालेभाताचा वास येऊनही अजून जागेवर टिकून असलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना रंगनाथ आठल्ये याचा सविनय नमस्कार.

समारंभ समितीने मला सात मिनिटं दिली आहेत. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ प्रेमलाताईंनी स्वतः तपासलेलं आहे, त्यामुळे घड्याळ पुढे आहे ही वक्त्यांची नेहमीची सबब मला आज वापरता येणार नाही. दुसरं म्हणजे, मी बोलायला उभा राहिल्यापासून तुमच्यात जी कुजबुज चालली आहे ती माझ्या कानावर आली आहे. मे महिना आहे, बाहेर पारा चाळीसला टेकलाय आणि हा माणूस हाफ स्वेटर घालून का आलाय? सांगेन. पण शेवटी सांगेन, नाहीतर तुम्ही मध्येच पंगतीला उठाल.

प्रेमलाताईंबद्दल बोलायला मलाच का उभं केलं, असा प्रश्न काहींना पडला असेल. मी कार्मिक विभागात. एकतीस वर्षं लोकांची हजेरी लावली, रजा कापल्या, मेमो काढले. अशा माणसाला निरोप समारंभात साधारणपणे आभार मानायलासुद्धा कोणी बोलावत नाही. पण प्रेमलाताईंच्या चौतीस वर्षांच्या नोकरीची फाईल माझ्याकडे आहे. बोटभर जाडीची फाईल. वेतनवाढी, बढत्या, दोन बाळंतपणं, एक कौतुकाचं पत्र आणि एक मेमो. अख्ख्या नोकरीत एकच मेमो, आणि त्याखाली सही माझी. तेव्हा बोलण्याचा हक्क कोणाचा, हे उघड आहे.

समितीने मला प्रेमाने सुचवलं की, आठल्ये, मेमोचा विषय टाळा. लोक घरच्यांना घेऊन आलेत. अगदीच राहवलं नाही तर 'वयाचा एक विशिष्ट टप्पा' असं काहीतरी म्हणा, पण तो शब्द नको. आता मी आयुष्यभर मोघम शब्दांशी भांडलेला माणूस. मी कसा ऐकणार? तर मंडळी, तो मेमो रजोनिवृत्तीशी संबंधित होता. बघा, म्हटला शब्द. छत खाली आलं नाही. माधवरावांनी चष्मा पुसायला काढला, इतकंच झालं. मागच्या वेळी हा शब्द मीटिंगमध्ये निघाला तेव्हा त्यांनी तो वीस मिनिटं पुसला होता, त्यामानाने आज प्रगती आहे.

पाहुण्यांसाठी थोडं मागचं सांगतो. आपली कंपनी मोजमापाची उपकरणं करते आणि दुसऱ्यांची उपकरणं तपासून देते. या तपासण्याला म्हणायचं कॅलिब्रेशन. त्यासाठी आपल्याकडे एक खोली आहे. तिचं तापमान वीस अंश. होळी असो, दिवाळी असो, वीस म्हणजे वीस. कारण लोखंड उष्णतेने वाढतं आणि वाढलेल्या पट्टीने जग मोजलं तर जगच चुकतं. माणूस आत शिरला की त्याच्या अंगाची ऊब शिरते, म्हणून एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं आत नकोत. दारापाशी खुंट्यांवर कंपनीचे स्वेटर. आणि दारात एक रजिस्टर: नाव, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ, कारण. या शेवटच्या रकान्याखाली लाल शाईने अधोरेखित केलेली एक सूचना आहे, 'मोघम कारणे चालणार नाहीत'. ती सूचना माझी. मला तिचा फार अभिमान होता.

ही खोली चौतीस वर्षं प्रेमलाताईंच्या ताब्यात. माहेर खराडीचं. ज्या रानात त्यांचे वडील ज्वारी करायचे तिथे आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यांच्या शिवारातल्या विहिरीवर, त्याच सांगतात, सध्या कुणाचं तरी कॉफीचं दुकान आहे. डिप्लोमा झाल्यावर त्या इथे आल्या तेव्हा बाईमाणसाला मायक्रोमीटर धरता येईल का, अशी शंका एका वरिष्ठाने घेतली होती. त्या वरिष्ठाचा मायक्रोमीटर त्यांनी पहिल्याच आठवड्यात नापास केला.

आता चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात या.

इतर लोक सकाळी वर्तमानपत्र वाचतात, मी रजिस्टरं वाचतो. कॅलिब्रेशनच्या खोलीचं रजिस्टर दोन वर्षं पुरायचं. त्या साली ते मार्चमध्ये सुरू झालं आणि मे संपायच्या आत भरलं. मी चकित झालो आणि वाचायला बसलो. अकाउंट्समधल्या चंपाताई फूटपट्टी तपासायला आल्या होत्या. महिन्यात चार वेळा, तीच फूटपट्टी. रिसेप्शनवरच्या बाई मनगटी घड्याळ घेऊन. पॅकिंगच्या दोघी चिकटपट्टीची रुंदी मोजायला. आणि कँटीनच्या तुळजाबाई, त्या समोर बसल्या आहेत, आता पदरात तोंड लपवू नका, तुळजाबाई रोज तीन वाजता वरणाचा डाव घेऊन. कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात: डावाचे माप.

प्रेमलाताईंना धरून चौदा जणी होत्या. मी यादी केली. आता एखाद्या शहाण्या माणसाने त्या यादीत काय पाहिलं असतं? की सगळ्या पंचेचाळीस ते पंचावन्नच्या आहेत. मी काय पाहिलं? की सगळ्या बायका आहेत. त्याच महिन्यात मी दुपारच्या चहाची वेळ पंधरा मिनिटांनी बदलणारं परिपत्रक काढलं होतं. माझी खात्री पटली की हे माझ्याविरुद्धचं कारस्थान आहे.

एका दुपारी तीनला मी दाराच्या काचेतून आत डोकावलो. आत पाच जणी. कोणाच्या अंगावर स्वेटर नाही. तुळजाबाई थंड हवेच्या झडपेला पाठ लावून, डोळे मिटून उभ्या. चंपाताईंनी पोलादी टेबलावर दोन्ही मनगटं टेकवलेली. कोणी कोणाशी एक अक्षर बोलत नव्हतं. आणि प्रेमलाताई शांतपणे डावात थेंबाथेंबाने पाणी मोजत होत्या. मी काय अनुमान काढलं सांगू? की बैठक इतकी गुप्त आहे की बोलायलाही बंदी आहे.

तुम्ही म्हणाल, प्रेमलाताई डाव खरंच का मोजत होत्या? कारण त्या प्रेमलाताई आहेत. मैत्रिणींना चार मिनिटं गारव्यात बसू देणं त्यांना मान्य होतं, पण रजिस्टरात खोटं लिहिणं मान्य नव्हतं. रकान्यात 'माप' लिहिलंत ना, मग माप घेतलं जाणार, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आपल्या कंपनीतली प्रत्येक फूटपट्टी त्या साली तपासली गेली. वरणाच्या डावाला क्रमांक मिळाला, स्टिकर मिळाला, पुढल्या तपासणीची तारीख मिळाली. आणि त्यात असं निष्पन्न झालं की कँटीनच्या करारानुसार दीडशे मिलिलिटर मावायला हवं, तिथे डावात मावतं एकशे अठ्ठावीस. म्हणजे अकरा वर्षं आपण सगळे वरण कमी खात होतो. मी लगेच तुळजाबाईंना जाब विचारला. त्या म्हणाल्या, "डाव लहान हाय ते मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय. म्हणून तर मी दीड डाव वाढते." खरोखर कोणाचंही पोट कधी कमी भरलं नव्हतं. डावातली तूट त्या हाताने भरून काढत होत्या आणि कोणाला सांगत नव्हत्या.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण जूनमध्ये धम्मदीप साहेब आले.

साहेब, आपण तेव्हा वयाने लहान आणि चेहऱ्याने फार गंभीर होता. मंडळी, कंपनीच्या प्रयोगशाळेची मान्यता दर दोन वर्षांनी तपासली जाते, त्यासाठी साहेब आले होते. उपकरणांची यादी वाचताना त्यांचं बोट दोनशे बारा क्रमांकावर थांबलं. त्यांनी विचारलं, हा डाव कोणत्या उत्पादनासाठी वापरता? माधवराव म्हणाले, वरणासाठी. धम्मदीप साहेबांनी तेही लिहून घेतलं.

इथवर गंमत होती. पुढे नव्हती. खोलीच्या तापमानाचा आलेख मशीन कागदावर आपोआप काढत असतं. त्या आलेखात रोज साडेअकराला आणि तीनला उंचवटा होता. वीस पूर्णांक चार अंश, वीस पूर्णांक सहा अंश. एकोणीस दिवस मर्यादा ओलांडलेली. साहेबांनी नियमाप्रमाणे त्रुटी नोंदवली: तीस दिवसांत या वाढीचं मूळ कारण शोधा, उपाय करा, नाहीतर मान्यता स्थगित. मान्यता गेली तर आपली प्रमाणपत्रं रद्दीच्या भावाची. प्रयोगशाळा बंद, तिथली अकरा माणसं घरी. कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला हवं होतं आणि ते काम माझ्या खात्याचं होतं.

मी त्याच संध्याकाळी मेमो काढला. पाठ आहे मला. 'आपल्या विभागात महिला कर्मचाऱ्यांची अनावश्यक वर्दळ आढळून आली असून त्यामुळे कंपनीचे हित धोक्यात आले आहे. अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करावा.' आणि सोबत माधवरावांना स्वतंत्र शिफारस, की श्रीमती हरगुडे यांची बदली गोडाऊनला करावी. गोडाऊन तुम्हाला माहीत आहे. वर पत्रा, खाली फरशी, पंखा एक आणि तोही कबुतरांच्या मालकीचा. तीस वर्षं वीस अंशांत नाजूक काम केलेल्या बाईला मी चौपन्नाव्या वर्षी पत्र्याखाली पाठवायला निघालो होतो. आज हे म्हणून दाखवताना मला लाज वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच म्हणतोय.

अठ्ठेचाळीस तास पूर्ण व्हायला दहा मिनिटं असताना प्रेमलाताई माझ्या केबिनमध्ये आल्या. दारातूनच म्हणाल्या, "आठल्ये साहेब, खुलासा लिहून आणलाय. कळला नाही तर तोंडी सांगते." आणि त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. तो आपल्या छापील कॅलिब्रेशन प्रमाणपत्राचा नमुना होता, स्वच्छ भरलेला.

उपकरणाचे नाव: प्रेमला. बनावट: खराडी. वापर सुरू: तीस वर्षांपूर्वी. आढळलेली स्थिती: अंगातून अचानक वाफा येतात, दिवसातून सहा ते नऊ वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार मिनिटे. झोप: तीन तास, तीही तुटक. सांधे: सकाळी कुरकुरतात. कामातील चूक: शून्य, दुबार तपासणी करून खात्री केली. तपासनिसाचा शेरा: उपकरण उत्तम आहे, सेवेतून काढू नये, अधूनमधून विश्रांती द्यावी. आणि मागच्या पानावर अशाच आणखी तेरा नोंदी. नावं नाहीत, फक्त तपासायला आणलेल्या वस्तूंचे क्रमांक. दोनशे बाराच्या मालकिणीची नोंद मी ओळखली.

आता तुम्हाला वाटेल, मला कळलं. मला नाही कळलं. मी चिकाटीचा माणूस. मी विचारलं की ते ठीक आहे, पण वाफा येतात त्याचं कारण काय? कारणाचा रकाना रिकामा आहे.

प्रेमलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. नापास झालेल्या व्हर्नियरकडे त्या बघतात तसं. मग त्यांनी विचारलं, वहिनींचं वय काय? मी म्हटलं, एक्कावन्न. घरी पंखा किती नंबरवर असतो? मी म्हटलं, तेच तर भांडण आहे, मी तीनवर करतो, ती उठून पाचवर करते, मी पांघरूण घेऊन कुडकुडतो, आणि शेवटी मी रेग्युलेटरशेजारी कागदच चिकटवलाय, 'पंखा तीनवर ठेवावा'.  त्यांनी माझं वाक्य संपू दिलं आणि कारणाच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला.

मग त्या म्हणाल्या, "साहेब, नऊशे रुपयांचा व्हर्नियर जरा चुकायला लागला तर आपण काय करतो? पिवळी चिठ्ठी लावतो, चार दिवस कपाटात ठेवतो, तपासतो, परत कामाला लावतो. त्याला कोणी मेमो देत नाही. नियमपुस्तकात तसं लिहिलंय, आणि ते पुस्तक तुम्हीच तपासलंय. व्हर्नियरला आहे तेवढी रजा आम्हाला द्या. जास्तीचं काही मागत नाही."

मंडळी, मी त्या दिवशी घरी गेलो. सदाशिव पेठेत आमचा तिसरा मजला. सुनीती, म्हणजे माझी पत्नी, स्वयंपाकघरात होती. आता सुनीतीबद्दल एक गोष्ट इथे कोणालाच माहीत नाही. ती सत्तावीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. आदल्या दिवाळीनंतर तिने अचानक नोकरी सोडली. मला म्हणाली, राजीनामा लिहिलाय, जरा बघून द्या. मी बघून दिला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'वैयक्तिक कारणास्तव'. सबंध कंपनीला मोघम कारणे चालणार नाहीत असं बजावणारा मी, मी त्या अर्जातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि कागद परत दिला.

त्या संध्याकाळी मी तिला पहिल्यांदा विचारलं, तू शाळा का सोडलीस? तिने गॅस बारीक केला. म्हणाली, "अहो, फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे, घाम पोरींना दिसू नये म्हणून. रात्रभर झोप नाही. एक दिवस साधी बेरीज चुकले. वर्ग हसला. सत्तावीस वर्षांत माझ्या वर्गात कोणी माझ्यावर हसलं नव्हतं. रजा मागायला गेले तर मुख्याध्यापक म्हणाले, आजार काय लिहू? आजार तर नव्हता."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही स्वल्पविराम बघत होतात."

मी त्या रात्री रेग्युलेटरशेजारचा कागद काढला. सुनीतीला शाळेत परत जाता आलं नाही. जागा भरली गेली होती. चार दिवस रजा मिळाली असती आणि एका माणसाने वेळेवर विचारलं असतं, तर एका चांगल्या बाईची नोकरी टिकली असती. तो माणूस मी होतो. याचं मला वाईट वाटतं, अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी बदलीची शिफारस मागे घेतली. पण धम्मदीप साहेबांना मूळ कारण लेखी द्यायचं बाकी होतं. माधवराव आणि मी दार लावून बसलो. पहिल्या खेपेला आम्ही लिहिलं, 'खोलीत वर्दळ वाढल्यामुळे'. साहेबांनी परत पाठवलं: हे लक्षण झालं, कारण लिहा. दुसऱ्या खेपेला लिहिलं, 'वातानुकूलन यंत्रणेवरील अनपेक्षित भारामुळे'. परत आलं: भार कशाचा? माधवरावांचा चष्मा एव्हाना आरशासारखा झाला होता. शेवटी प्रेमलाताईंनी आमच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं: 'रजोनिवृत्ती. चौदा कर्मचारी. त्यांना बसायला दुसरी गार जागा नाही, आणि रजेच्या अर्जात कारण विचारतात.' उपाय: महिन्याला दोन दिवस भरपगारी रजा, कारण न विचारता; आणि कँटीनशेजारी एक गार खोली. साहेबांनी शेरा मारला, 'मूळ कारण समाधानकारक. त्रुटी बंद'. मोठमोठ्या ठिकाणी अशी धोरणं चर्चा करून, समित्या नेमून येत असतील. आपल्याकडे ती लोखंडाची पट्टी अर्ध्या अंशाने तापली म्हणून आली.

ती आली तेव्हा सगळ्यांनी हार घातले असं समजू नका. पहिला विरोध पुरुषांचा. अकाउंट्समधल्या मंडळींनी विचारलं की मग आम्हाला काय? प्रेमलाताई म्हणाल्या, गेल्या क्रिकेटच्या अंतिम सामन्याच्या दिवशी तुमच्या विभागातल्या नऊ जणांची पोटं एकदम बिघडली होती, तेव्हा तुम्हाला कोणी काही विचारलं का? तो विषय तिथे संपला. दुसरा विरोध मात्र बायकांचाच होता, आणि तो खरा होता. चंपाताई म्हणाल्या, मला नको ती रजा. अर्ज दिला की माझं वय कळणार, आणि पुढच्या बढतीच्या वेळी कोणीतरी म्हणणार, यांना आता झेपत नाही. पहिले तीन महिने एकही अर्ज आला नाही. माधवराव मला म्हणाले, बघा आठल्ये, गरजच नव्हती.

मग प्रेमलाताईंनी अर्जच काढून टाकला. उपकरणाला लावतो ती पिवळी चिठ्ठी घ्यायची, खुर्चीला अडकवायची आणि घरी जायचं. चिठ्ठीवर छापलेलं असतंच, 'कॅलिब्रेशनसाठी. हलवू नये'. नाव नाही, कारण नाही, आणि माझं टेबल मध्ये नाही. पहिली चिठ्ठी कुठे लागली? प्रेमलाताईंच्या स्वतःच्या खुर्चीला. म्हणाल्या, मी गेल्याशिवाय कोणी जाणार नाही. दुसरी लागली डाव क्रमांक दोनशे बाराला. त्या दिवशी दीडशे माणसांना वरण माधवरावांनी वाढलं. नियमाप्रमाणे मोजून एकेक डाव. दुसऱ्या दिवशी तुळजाबाई परत आल्या तेव्हा लोकांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. त्यानंतर कोणी या रजेविरुद्ध बोललेलं माझ्या ऐकिवात नाही.

चंपाताईंना गेल्या वर्षी बढती मिळाली. पिवळी चिठ्ठी त्यांनीही लावली होती. किती वेळा, ते मला माहीत नाही, कारण ते मोजायचं नाही असं ठरलं आहे. मोजमापाच्या कंपनीत एवढी एकच गोष्ट मोजायची नाही असं ठरवायला प्रेमलाताईंसारखी बाई लागते.

माझी सात मिनिटं कधीच संपली आहेत. धम्मदीप साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि तिसऱ्यांदा प्रेमलाताईंकडे पाहिलं, घड्याळ बरोबर आहे ना, अशा अर्थाने. आहे, साहेब.

प्रेमलाताई, मागच्या आठवड्यात मी तुम्हाला विचारलं होतं की तो मेमो फाईलमधून काढून टाकू का. म्हटलं, कोरी फाईल घेऊन जा. तुम्ही म्हणालात, "राहू द्या. पुढच्या बाईला दाखवायला उपयोगी पडेल." म्हणून तो तसाच आहे. त्याच्यामागे तुमचा खुलासाही लावला आहे, आणि मी माझ्या हाताने खाली शेरा लिहिला आहे: 'खुलासा मान्य. मेमो काढणाऱ्याचे कॅलिब्रेशन करणे आवश्यक होते. केले.' दिनांक आणि सही.

आता आभार. अध्यक्षांचे आभार, त्यांनी मला मध्येच थांबवलं नाही, चष्मा पुसण्यात गुंतले होते म्हणून का होईना. धम्मदीप साहेबांचे आभार, की त्यांनी खोटं कारण दोनदा परत पाठवलं. तुळजाबाईंचे आभार, आज वरण त्या वाढणार आहेत. समितीचे आभार मानण्यापेक्षा त्यांची माफी मागतो, त्यांनी जे जे बोलू नका म्हणून सांगितलं होतं ते सगळं बोलून झालं आहे. या बोलण्यात कोणाचं वय, कोणाची रजा, कोणाच्या पोटाची तक्रार अनवधानाने बाहेर पडली असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

राहिला स्वेटर. खुलासा दिला त्या दिवशी माझ्या केबिनमधून निघालेल्या प्रेमलाताई पाच मिनिटांनी परत आल्या. खोलीच्या खुंटीवरचा हा स्वेटर माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "घरी न्या. वहिनींना पंखा पाचवर लागतो, तुम्हाला थंडी वाजते. यात भांडायचं काय हाय?" चार वर्षं झाली. आमच्या घरी पंखा पाचवर असतो. त्याच पंख्याखाली सुनीती आता बारा मुलींना गणित शिकवते, त्यांच्याकडे तोंड करून, आणि मी कोपऱ्यात हा घालून बसतो. कंपनीची वस्तू आहे, आज प्रेमलाताईंच्या देखत परत करायची म्हणून घालून आलो होतो.

पण सुनीती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि मघापासून पत्रिकेने वारा घेते आहे. सुनीती, मी तुला कारण उशिरा विचारलं. एवढी एक चूक चारचौघांत पदरात घे.

प्रेमलाताई, हा स्वेटर आज मिळणार नाही. आणि तिकडे बटणांपाशी कोण उभं आहे? पंखे पाचवर करा.